अर्ध्या थेंबाचा हिशेब

औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा ड्रॉपर घ्या. त्यात पाणी भरून ते प्रयोगशाळेतील मोजपात्रात थेंब थेंब सोडा आणि १ मिलिलिटर होईपर्यंत थेंब मोजा. साधारणपणे वीस थेंब भरतील. म्हणजे एका थेंबाचे आकारमान सुमारे ०.०५ मिलिलिटर झाले. आता समजा तुम्हाला कोणी सांगितले, की यातला अर्ध्याहून किंचित मोठा थेंब द्या, तोही सेकंदाला शंभर वेळा, आणि दर वेळी किती द्यायचा ते त्या क्षणाची हवा पाहून ठरवा. जमेल काय?

चार सिलिंडरांचे मोटारीचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असताना नेमके हेच काम चालू असते. पूर्वी ते कार्बुरेटर करीत असे. हल्ली ते एक छोटा संगणक करतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या स्कूटरींतही तो आला. पण कारखान्यातून तयार होऊन आलेल्या गाडीतला संगणक म्हणजे मोहोरबंद डबा. त्याच्या आत काय चालते ते पाहायचे असेल, तर ज्या मोटारीत तो कधीच नव्हता अशा जुन्या मोटारीत तो बसवताना काय काय करावे लागते ते पाहावे. असा उद्योग करणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत.

आपण उदाहरणासाठी इंग्लंडची 'मिनी' घेऊ. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही चिमुकली मोटार २६ ऑगस्ट १९५९ रोजी लोकांपुढे आली आणि २००० सालापर्यंत तयार होत होती. एकूण त्रेपन्न लाखांहून अधिक मिनी बनल्या. तिचे एंजिन 'ए-सिरीज' नावाचे, साधे व टिकाऊ. तिच्या अनेक प्रकारांपैकी १९६९ ते १९८० या काळात बनलेली '१२७५ जीटी' आपण समोर ठेवू. १२७५ हे एंजिनाचे घन सेंटिमीटरमधील आकारमान; चार सिलिंडर असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३१९ येतात.

जुन्या मोटारीतले दोन गणक

या जुन्या मोटारीत संगणक नव्हता असे मी म्हटले खरे, पण ते पूर्णपणे बरोबर नाही. तिच्यात दोन गणक होते, फक्त ते पितळेचे आणि पोलादाचे होते.

पहिला म्हणजे तिचा एसयू जातीचा कार्बुरेटर. त्यात एक दट्ट्या असतो. एंजिन जितकी हवा ओढील तितका तो वर उचलला जातो. त्याच्या खाली एक निमुळती पितळी सुई लटकत असते व ती पेट्रोलच्या बारीक तोटीत उतरलेली असते. दट्ट्या वर गेला, की सुई वर येते; तिचा बारीक भाग तोटीत येतो, भोवतालची फट मोठी होते आणि पेट्रोल जास्त येते. गंमत पाहा : या सुईची जाडी दर १/८ इंचावर ठरवून दिलेली असते. म्हणजे सुई हे डझनभर आकड्यांचे एक कोष्टकच आहे, फक्त ते कागदावर छापण्याऐवजी धातूत कातलेले आहे. निरनिराळ्या एंजिनांसाठी अशा शेकडो प्रकारच्या सुया बनल्या आणि प्रत्येकीवर ओळखीची अक्षरे कोरलेली असत.

दुसरा गणक म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. सिलिंडरात ठिणगी पडल्यावर सगळे मिश्रण जळायला एक-दोन हजारांश सेकंद तरी लागतात. ३,००० फेऱ्यांच्या वेगाला भुजादंड एक अंश फिरायला सेकंदाचा अवघा अठरा हजारावा भाग लागतो. तेव्हा दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचल्यावर ठिणगी टाकून उपयोग नाही. ती तीसएक अंश आधीच टाकली पाहिजे. एंजिन हळू चालत असेल तर दहाएक अंश पुरतात. डिस्ट्रिब्यूटरमधील दोन वजने वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर सरकतात आणि ठिणगीची वेळ पुढे ओढतात. जोडीला हवेच्या दाबावर हलणारा एक पडदा असतो.

असे हे दोन गणक. दोघेही अतिशय हुशारीने केलेले आहेत. मग ते काढायचे कशासाठी? एक कारण झीज. सुई व तोटी घासतात, वजनांच्या स्प्रिंगा सैल पडतात, आणि मग कोष्टकातले आकडे आपोआप बदलतात. दुसरे कारण असे, की कार्बुरेटर हवेचे वस्तुमान ओळखत नाही. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची मोटारशर्यत जिंकली. त्या शर्यतीच्या वाटेवर तुरीनी नावाचा १,६०७ मीटर उंचीचा घाट आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाच-षष्ठांशांहूनही थोडा कमी असतो. त्याच झडपेतून विरळ हवा येते, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होते. मेकॅनिक लोक अशा मिश्रणाला 'रिच' म्हणतात. याच्या उलट पेट्रोल कमी पडले, तर ते 'लीन'.

शाळेतले वायूंचे नियम

संगणक मात्र हवेचे वस्तुमान काढतो. कसे ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण बॉईल आणि चार्ल्स यांचे नियम तुम्ही पाठ केले आहेत. आकारमान ठरलेले असले, तर वायूचे वस्तुमान दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. सिलिंडरचे आकारमान ठाऊक आहे. एंजिनाला हवा नेणाऱ्या नळीत एक दाबमापक आणि एक तापमापक बसवला, की झाले.

आपण गणित करून पाहू. २० अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब असताना १ लिटर हवेचे वस्तुमान १.२ ग्रॅम असते. म्हणून ३१९ घन सेंमी हवा ०.३८ ग्रॅम भरेल. पण झडपा अगदी थोडा वेळ उघड्या राहतात, त्यामुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही. तो ८० टक्के भरला असे मानू; हवा राहिली सुमारे ०.३१ ग्रॅम. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. तेव्हा पेट्रोल हवे ०.०२१ ग्रॅम, म्हणजेच ०.०२८ मिलिलिटर. आरंभी सांगितलेला अर्ध्याहून मोठा थेंब तो हाच!

हा थेंब मापायचा कसा? संगणक तो मापतच नाही. तो वेळ मोजतो. पेट्रोल ठरावीक दाबाखाली एका विद्युत् झडपेपाशी आणून ठेवलेले असते. हिला इंजेक्टर म्हणतात. मिनिटाला २४० मिलिलिटर सोडणारा इंजेक्टर सेकंदाला ४ मिलिलिटर सोडतो. म्हणजे आपल्या थेंबासाठी तो ७ मिलिसेकंद उघडा ठेवायचा. प्रत्यक्षात त्यात सुमारे १ मिलिसेकंद मिळवावा लागतो, कारण वेटोळ्यातील चुंबकत्व तयार होऊन झडप उचलली जायला तेवढा वेळ लागतो. बॅटरीचा दाब उतरलेला असेल, तर याहूनही अधिक. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टची बॅटरी ९-१० व्होल्टपर्यंत खाली येते, म्हणून संगणकाला बॅटरीकडेही लक्ष ठेवावे लागते.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन मोटारींसाठी 'डी-जेट्रॉनिक' नावाची जी योजना काढली तीत हवेच्या दाबावरूनच इंजेक्टरची वेळ ठरत असे. तिच्यातील 'डी' हे अक्षर 'दाब' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे. पण ती दुसऱ्या एंजिनाला लावायची, तर आतले विद्युत् मंडलच बदलावे लागे. २००१ साली अमेरिकेतील ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा संगणक तयार केला. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळे. घेणाऱ्याने स्वतः डाग देऊन तो जोडायचा. त्यातले सगळे आकडे कोणालाही बदलता येत. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांना ही पर्वणीच वाटली. पुढे अशा प्रकारचे इतरही संगणक आले, पण घरच्या टेबलावर बसून हे काम शिकण्याचा मार्ग पुष्कळांना मेगास्क्वर्टनेच दाखवला.

दात नसलेली जागा

दट्ट्या कोठे आहे हे कळल्याशिवाय ठिणगी टाकता येत नाही. त्यासाठी भुजादंडाच्या टोकाच्या कप्पीवर एक दातेरी पोलादी चकती बसवतात. तिच्यावर दर दहा अंशांना एक अशा ३६ दातांची जागा असते, पण दात ३५ च असतात. एक मुद्दाम गाळलेला असतो. चकतीशेजारी चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला एक संवेदक असतो. दात समोरून गेला, की वेटोळ्यात क्षणभर विद्युत् दाब निर्माण होतो. (गॅल्व्हनोमीटरला जोडलेल्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून काटा हलवण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल, फॅरडेचा तोच नियम.) ठेक्यात येणाऱ्या ठोक्यांमधला एक ठोका चुकला, की संगणक ओळखतो : भुजादंड आता इथे आहे. पाढे म्हणताना एखादा आकडा गाळल्यावर गुरुजींचे लक्ष जाते तसेच हे.

एंजिन किती तापले आहे हे थर्मिस्टर सांगतो. याचा रोध तापमान वाढले की कमी होतो. मोटारीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका जातीचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास असतो. शिक्षकांनी असा एखादा थर्मिस्टर आणून गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटरने वाचने घ्यायला लावावीत. आलेख सरळ रेषा येत नाही, आणि तो का येत नाही यावर चांगली चर्चा होते.

जोडणीतील दोन-तीन गोष्टी मात्र जपून कराव्या लागतात. १९६९ पूर्वीच्या मिनींत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. त्यात हा संगणक तसाच जोडला तर तो तत्क्षणी जळेल. आधी सगळी जोडणी उलटवावी लागते. स्पार्क प्लगच्या तांब्याच्या जुन्या तारा प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओलहरी फेकतात. संवेदकाच्या तारेत त्या शिरल्या, तर संगणकाला नसलेले दात दिसू लागतात. म्हणून रोध असलेल्या तारा घ्याव्या लागतात. पेट्रोलची गोष्ट तर सर्वांत गंभीर. कार्बुरेटरला वातावरणापेक्षा अगदी थोडा जास्त दाब पुरतो. इंजेक्टरला सुमारे ३ बार लागतो. जुनी रबरी नळी त्या दाबाला फुटली, तर गरम एंजिनावर पेट्रोलचा फवारा उडतो आणि मोटार पेट घेते. नवा विद्युत् पंप, नव्या नळ्या, उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी वाट आणि एंजिन थांबताच पंप बंद करणारी सोय, एवढे झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

कोष्टक कोणी भरायचे?

वर आपण 'सिलिंडर ८० टक्के भरला असे मानू' असे सहज म्हणून गेलो. सगळी मेख तिथेच आहे. वायूंचे नियम कोणत्याही एंजिनाला लागू पडतात, पण सिलिंडर किती टक्के भरतो हे झडपांच्या आकारावर, नळ्यांच्या वळणांवर, सायलेन्सरवर, फार काय, त्या एका एंजिनाच्या झिजेवरही अवलंबून असते. वेगाप्रमाणे तो आकडा बदलतो, दाबाप्रमाणेही बदलतो. तो कोणत्याही सूत्रातून नेमका निघत नाही. तो त्या एंजिनालाच विचारावा लागतो.

म्हणून संगणकात एक कोष्टक असते. आडव्या बाजूला वेग, उभ्या बाजूला दाब. पहिल्या मेगास्क्वर्टमध्ये ते ८ गुणिले ८, म्हणजे ६४ चौकोनांचे होते; नंतरच्यांत १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकोनांचे झाले. दोन चौकोनांच्या मधली किंमत संगणक प्रमाणाने काढतो. असेच दुसरे कोष्टक ठिणगीच्या अंशांचे. पितळी सुईवरचे डझनभर आकडे आता अडीचशेंवर गेले, आणि ते बदलायला कानस लागत नाही, हा फायदा. पण कारखान्यातल्या अभियंत्यांनी केलेले काम आता गॅरेजमधल्या एका माणसाने करायचे, ही जबाबदारीही आली.

प्रथम ठिणगीची वेळ संगणक म्हणतो तीच आहे काय, हे लखलखणाऱ्या दिव्याने कप्पीवरील खूण पाहून तपासतात. हे न करता पुढे जाणे म्हणजे घड्याळ न लावता गाडीच्या वेळा पाठ करणे. मग चौकोन भरायचे. आकडे आरंभी मुद्दाम असे ठेवतात, की पेट्रोल थोडे जास्त आणि ठिणगी थोडी उशिरा. एंजिन अशाने जरा आळशी चालते, पण सुरक्षित राहते. धुराच्या नळीत ऑक्सिजन ओळखणारा संवेदक बसवतात. जळल्यानंतर किती ऑक्सिजन उरला यावरून मिश्रण रिच की लीन ते कळते. एकजण गाडी चालवतो, दुसरा शेजारी बसून आकडे पाहतो व सुधारतो. हे एकट्याने रस्त्यावर करू नये. खरे तर मोटार जागच्या जागी चाके फिरवील अशा रुळांच्या यंत्रावर करावे.

यात चूक झाली तर काय होते? पूर्ण जोर लावलेला असताना मिश्रण लीन राहिले आणि ठिणगीही फार लवकर पडली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण एकदम भडकते. हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हे काही काळ चालू राहिले, तर ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला भोक पडते. म्हणून जोराच्या चौकोनांत हवेचे प्रमाण १४.७ वर न ठेवता १२.५ ते १३ च्या दरम्यान ठेवतात. काही पेट्रोल वाया जाते, पण दट्ट्या वाचतो.

दोघांत एक दार

आणि आता मिनीची खास खोड. तिच्या एंजिनाला चार सिलिंडर, पण हवा आत घेण्याची दारे दोनच! १ व २ यांचे एक, ३ व ४ यांचे दुसरे. भारतातील ॲम्बॅसडर मोटारीत पुष्कळ वर्षे असलेले १४८९ घन सेंमीचे पेट्रोल एंजिन हे याच घराण्यातले मोठे भावंड. त्याचीही रचना अशीच.

सिलिंडर हवा ओढतात तो क्रम १-३-४-२ असा आहे. कागदावर लिहून पाहा. २ नंतर लगेच १ ची पाळी येते, म्हणजे एकाच दारातून लागोपाठ दोघे ओढतात, आणि नंतर ते दार एक पूर्ण फेरा रिकामे राहते. ३ व ४ यांचेही तसेच. या रिकाम्या वेळात दारात पेट्रोल साचले, तर आधी येणारे २ व ३ ते उचलून नेतात. मागून येणाऱ्या १ व ४ यांना कमी पडते. सार्वजनिक नळावर पहिल्या घागरीला धार आणि दुसरीला ठिबक, तसा प्रकार.

यातला खरा धोका असा, की तो दिसत नाही. चारही सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर बसवलेला ऑक्सिजन-संवेदक सरासरी दाखवतो. दोन रिच, दोन लीन, सरासरी उत्तम! पडद्यावर आकडा अगदी हवा तसा, आणि कडेचे दोन दट्टे तापत असतात. सरासरी फसवते हे गणिताच्या तासाला ऐकलेले वाक्य इथे धातू वितळवून दाखवते.

यावर उपाय मिनीच्याच रचनेत सापडतो. तिला धूर सोडण्याची दारे तीन आहेत : १ चे स्वतंत्र, ४ चे स्वतंत्र आणि मधले २ व ३ मिळून. तेव्हा मधल्या नळीत एक संवेदक आणि कडेच्या नळ्या जिथे मिळतात तिथे दुसरा बसवला, की आतली जोडी आणि बाहेरची जोडी वेगवेगळी कळते. फरक कळला, तर तो दूर करता येतो. प्रत्येक दाराला एक इंजेक्टर द्यायचा आणि तो प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्रपणे, नेमक्या वेळी उघडायचा. कारखान्यानेही १९९६ सालच्या मिनीला शेवटी दोन इंजेक्टरच दिले.

पण वेळ पुरते काय? ३,००० फेऱ्यांना अर्धा फेरा १० मिलिसेकंदांत होतो; आपले ७ अधिक १ त्यात बसतात. ६,००० फेऱ्यांना हाती फक्त ५ उरतात. म्हणून दुप्पट मोठा इंजेक्टर घ्यावा, तर एंजिन नुसते गुरगुरत असताना त्याला जेमतेम एक-दीड मिलिसेकंद उघडावे लागते, आणि झडप उचलायलाच एक जातो. तिथे शंभरातले दहा इकडे-तिकडे व्हायला वेळ लागत नाही. काही लोक यावर वेगळीच तोड काढतात. कार्बुरेटरच्याच जागी, हवेच्या तोंडाशी, एक इंजेक्टर बसवतात आणि पेट्रोलला हवेत मिसळायला लांब वाट देतात. अचूकपणा थोडा जातो, पण वाटणी बरीच सारखी होते. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने हाच मार्ग धरावा. शिवाय नव्या संगणकाने शक्ती खूप वाढेल ही आशाही धरू नये. नीट लावलेला कार्बुरेटर पूर्ण जोरात फारसा मागे नसतो. फरक पडतो तो थंडीत, घाटात आणि पेट्रोलच्या खर्चात.

थंडीचेच कोष्टक भरायला सर्वांत जास्त दिवस लागतात. गार एंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते नळीच्या भिंतींना चिकटून राहते, म्हणून जास्त द्यावे लागते. किती जास्त, हे दर तापमानाला वेगळे. जुन्या मोटारीत चालक चोकची मूठ ओढून अंदाजाने हे करीत असे. आता ० अंशांना किती, १० ला किती, २० ला किती असे आकडे लिहायचे. एंजिन सुरू झाले, की काही मिनिटांत ते गरम होते, आणि पुन्हा पूर्ण गार व्हायला रात्र जावी लागते. त्यामुळे दिवसाला एकच प्रयोग होतो. सकाळी उठायचे, तापमान टिपायचे, किल्ली फिरवायची, काय झाले ते वहीत लिहायचे आणि एक आकडा बदलायचा. इंग्लंडात शून्याखालच्या सकाळी वर्षातून थोड्याच येतात. त्या संपल्या, की उरलेले चौकोन पुढच्या हिवाळ्यात भरायचे.